खुब्याचे स्नायू मोकळे आणि मजबूत करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही. दोन तास गाडी चालवून उतरलं की पहिली चार पावलं वाकूनच पडतात. जिना चढताना एकच बाजू भरून येते. फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या माणसांकडून मी हे रोज ऐकते आणि जवळजवळ प्रत्येकाची मागणी एकच असते: "काहीतरी स्ट्रेचिंग सांगा." स्ट्रेचिंग सांगतेच. पण नुसतं ताणून मोकळा केलेला खुबा मोकळा राहत नाही. जी हालचाल नव्याने मिळाली, ती पेलण्याची ताकद स्नायूंत आली नाही तर आठवड्याभरात सगळं पहिल्यासारखं होतं. खालची उत्तरं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

खुबा नेमका कुठे? कंबरेत, जांघेत की पुठ्ठ्यात?

बहुतेक जण "खुबा दुखतो" म्हणताना हात बाजूला, पट्टा बांधतो त्याच्या जरा खाली ठेवतात. खरा सांधा त्याहून खोल, जांघेच्या घडीमागे असतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा तिथे कटीच्या हाडातल्या वाटीत बसलेला असतो. म्हणूनच सांधा बिघडला तर कळ बहुधा जांघेत येते. कधी मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते आणि माणूस महिनोन् महिने गुडघ्यालाच तेल चोळत राहतो.

सांध्याभोवती स्नायूंचे अनेक थर आहेत. पुढून सोआस नावाचा लांब स्नायू कंबरेच्या मणक्यांपासून निघतो, पोटातून खाली येतो आणि मांडीच्या हाडाला आतल्या बाजूने चिकटतो. पायरी चढताना पाय उचलतो तो प्रामुख्याने हा आणि त्याचा जोडीदार इलिॲकस. मागे पुठ्ठ्यात ग्लुटियस मॅक्सिमस, शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू. बाजूला त्याच्याहून लहान ग्लुटियस मीडियस आणि त्याखाली मिनिमस. आकाराने लहान असले तरी एका पायावर उभं राहताना कंबर सरळ धरण्याचं काम त्यांचंच, आणि चालताना प्रत्येक पावलाला आपण काही क्षण एका पायावरच असतो. मांडीच्या आतल्या बाजूला पाय जवळ ओढणारे स्नायू आहेत. कबड्डीपटूंना आणि क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजांना जांघेतली लचक भरते ती सहसा इथेच.

दिवसभर बसून स्नायू खरंच आखूड होतात का?

थोडेफार होतात, पण लोकांना वाटतं तितके नाही. पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये राहिला तर स्नायू खरोखर आखूड होतो. ऑफिसच्या खुर्चीत आठ तास आणि बसमध्ये दोन तास बसल्यावर जे जाणवतं, त्यात मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो. ज्या टोकापर्यंत पाय बराच काळ गेलेला नाही तिथे मेंदू लवकर "पुरे" म्हणतो आणि तो अडसर आपल्याला आखडल्यासारखा वाटतो. रोज हळूहळू ताण दिला की ती सहनशक्ती वाढते. स्नायूची लांबी तितकीशी न बदलताही पाय पुढे जायला लागतो.

कमजोर स्नायूसुद्धा आखडलेलाच वाटतो. ज्याच्याकडून त्याच्या कुवतीबाहेरचं काम करून घेतलं जातं तो दिवसअखेर दगडासारखा लागतो. तुम्ही महिनोन् महिने ताण देत असाल, पंधरा मिनिटं बरं वाटत असेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तर तिथे लांबीचा नाही, ताकदीचा तुटवडा आहे असं समजायला हरकत नाही.

माझा खुबा आखडलाय की कमजोर झालाय, हे घरी कसं ओळखू?

दोन तपासण्या घरी सहज होतात.

पहिली तपासणी पलंगाच्या कडेला. अगदी काठावर बसा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि तसंच मागे उताणे पडा. दुसरा पाय काठावरून सैल सोडा. कंबर गादीला टेकलेली हवी. ती उचलली गेली तर तपासणी फुकट. आता सोडलेल्या पायाकडे बघा. मांडी गादीच्या पातळीपर्यंत खाली येत नसेल, तर पुढचे, म्हणजे सोआस आणि इलिॲकस आखडलेले आहेत. मांडी खाली येते पण गुडघा सरळ होऊ पाहतो, तर मांडीच्या पुढचा मोठा स्नायू ओढतोय. एकोणिसाव्या शतकातले अस्थिरोगतज्ज्ञ ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचं हे रूप आहे आणि आजही आम्ही रोज वापरतो.

दुसरी आरशासमोर. सैल कपडे नकोत, कंबरेची हाडं दिसली पाहिजेत. दोन्ही अंगठे कंबरेच्या पुढच्या उंचवट्यांवर ठेवा आणि एक पाय उचलून तीस सेकंद उभे राहा. उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकली, किंवा ती झुकू नये म्हणून तुमचं धडच टेकलेल्या पायाकडे कललं, तर टेकलेल्या बाजूचा मीडियस कमी पडतोय. दोन्ही बाजू करून बघा. फरक असला तर कुणी सांगावं लागत नाही. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली या झुकण्याचं वर्णन केलं आणि ही खूण त्यांच्या नावाने ओळखली जाते.

साठीच्या पुढच्यांसाठी अजून एक. हात छातीवर आडवे धरून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यानुसार ६० ते ६४ या वयात पुरुषांचा आकडा १४ पेक्षा आणि स्त्रियांचा १२ पेक्षा कमी असेल तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी धरतात.

ताण द्यायला सुरुवात कुठून करू?

दिवसभर बसणाऱ्यांनी पुढच्या बाजूने. एक गुडघा उशीवर टेकवा, दुसरा पाय पुढे, पाऊल जमिनीवर. इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात: पुढे झेप घेतात, कंबर मागून खोलगट होते आणि ताण खुब्याला मिळायच्या ऐवजी कंबरेच्या मणक्यांवर जातो. म्हणून पुढे जाऊच नका. आहात तिथेच टेकलेल्या बाजूचा पुठ्ठा घट्ट आवळा आणि पट्ट्याची बक्कल बरगड्यांकडे वर उचलतोय अशा बेताने कटी फिरवा. एवढ्यानेच बहुतेकांना जांघेत स्पष्ट ओढ जाणवते. जाणवली तर तिथेच तीस सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा. नाही जाणवली तरच कटी तशीच धरून दोन-तीन इंच पुढे सरका. त्याच बाजूचा हात वर नेऊन थोडं विरुद्ध बाजूला कललात तर ओढ आणखी वाढते. प्रत्येक बाजूला दोन ते तीन वेळा पुरे.

मागच्या खोल स्नायूंसाठी उताणे पडा, एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि खालची मांडी छातीकडे ओढा. ताण पुठ्ठ्यात आला पाहिजे. गुडघ्यात आला तर घोटा थोडा खाली-वर सरकवून बघा.

आतल्या बाजूसाठी तळवे जोडून बसायचं बद्धकोनासन चांगलं. गुडघे हातांनी दाबू नका, फडफडवू नका.

सूर्यनमस्कार रोज घालतो. तेवढं पुरे नाही का?

सूर्यनमस्कार उत्तम व्यायाम आहे आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो घरोघरी, शाळाशाळांत पोचवण्यासाठी जे कष्ट घेतले त्यांचं मोल मोठं आहे. अश्वसंचालनाच्या स्थितीत मागच्या पायाचा खुबा पुढून छान ताणला जातो. पण बहुतेक जण तिथे क्षणभरही थांबत नाहीत. बारा नमस्कारांतल्या निदान दोन-तीनमध्ये त्या स्थितीत पाच श्वास थांबा. मागचा गुडघा टेकवून आणि कटी सरळ ठेवून.

मात्र सूर्यनमस्कारातली सगळी हालचाल पुढे-मागे आहे, बाजूला काही नाही. मीडियसला त्यात फारसं काम पडत नाही. म्हणून वृक्षासन, वीरभद्रासनाचा दुसरा प्रकार आणि जमेल तेव्हा भिंतीच्या आधाराने अर्धचंद्रासन जोडा. पुढचा पाय दुमडून करायच्या कपोतासनाचं (एकपाद राजकपोतासनाचं) सध्या फार वेड आहे. खुबा फिरत नसला की त्यात सगळा पीळ गुडघ्यावर येतो, त्यामुळे वर सांगितलेला उताणे पडून करायचा ताण आधी महिनाभर करा. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टा, ठोकळा, लोड, खुर्ची असे आधार घेऊन आसनं शिकवली त्यामागचा विचार इथे फार कामाचा आहे: शरीर आसनात कोंबायचं नाही, आसन शरीरापर्यंत आणायचं.

ताकदीसाठी नेमके कोणते व्यायाम?

सुरुवात पुलाने, म्हणजे सेतुबंधाच्या साध्या रूपाने. उताणे पडा, गुडघे वाकवा, टाचा पुठ्ठ्यांपासून वीतभर अंतरावर. टाचांवर जोर देऊन कंबर उचला, वर दोन सेकंद थांबा. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा आणखी जवळ घ्या. पंधरा सहज व्हायला लागले की एका पायावर.

कुशीवर पडून पाय उचलणं दिसायला सगळ्यात सोपं आणि करायला सगळ्यात चुकणारं. भिंतीला पाठ, पुठ्ठे आणि वरच्या पायाची टाच चिकटवून कुशीवर पडा. खालचा गुडघा वाकवलेला. आता वरची टाच भिंतीवरून घासत वर न्या, बोटं समोर किंवा किंचित जमिनीकडे. बोटं छताकडे वळली किंवा टाच भिंतीपासून सुटून पाय पुढे आला की काम मीडियसकडून खिशाजवळच्या पुढच्या स्नायूकडे जातं, आणि तो बहुतेकांचा आधीच जास्त राबलेला असतो. नीट केलं तर आठ-दहा वेळांतच पुठ्ठ्याच्या वरच्या बाहेरच्या भागात रग लागते. पंचवीस उचलूनही काही वाटलं नाही तर व्यायाम सोपा आहे असं समजू नका, आधी टाच बघा.

मग उभ्याने. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, नंतर एक पाय पुढे ठेवून. पायरीवर एक पाय ठेवून चढणं आणि सावकाश उतरणं. उतरतानाचे तीन सेकंदच खरी ताकद देतात. आणि खुब्यातून वाकणं: पाठ सरळ, गुडघे किंचित वाकलेले, पुठ्ठे मागे, धड पुढे, दाराची बिजागरी मिटावी तसं. पाण्याची भरलेली कळशी किंवा पाच किलोची तांदळाची पिशवी दोन्ही हातांत धरून हेच करा. घरातलं ओझं उचलायची रीत आणि व्यायाम दोन्ही एकदम होतात.

किती? आठ ते बारा वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज व्हायला लागले की संख्या नको, वजन वाढवा. इथेच घरी व्यायाम करणारे अडकतात. तोच पूल, तेवढेच वेळा, वर्षभर, आणि मग "व्यायाम करूनही ताकद येत नाही" अशी तक्रार.

तालमीतल्या बैठका चालतील?

गुडघे दुखत नसतील तर जरूर. आपल्या बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि गुडघे बरेच पुढे जातात, त्यामुळे मांडीच्या पुढच्या भागाला जास्त काम पडतं, पुठ्ठ्यांना त्या मानाने कमी. बैठकांबरोबर खुब्यातून वाकायचा व्यायाम ठेवा म्हणजे मागची बाजू मागे राहत नाही.

पूर्वी मांडी घालून बसता यायचं, आता येत नाही. पुन्हा जमेल का?

पंगतीत, पूजेला, किंवा नातवंडाशी खेळताना खाली बसता येत नाही याचं दुःख मोठं असतं. "खुर्ची घ्या की" असं म्हणून ते उडवून लावू नये. बऱ्याच जणांना पुन्हा जमतं. पण आधी एक गोष्ट तपासायची.

मांडी घालताना हालचाल कुठे अडते? पुठ्ठ्यात किंवा मांडीच्या आतल्या बाजूला ओढ लागत असेल तर तो स्नायूंचा प्रश्न आहे आणि सरावाने सुटतो. जांघेच्या घडीत टोचल्यासारखं, काहीतरी मध्ये आल्यासारखं होत असेल तर हाडावर हाड अडतंय अशी शक्यता धरा. वाटीची खोली आणि मांडीच्या हाडाचा पीळ प्रत्येकात जन्मतः वेगळा असतो. काहींना लहानपणीही नीट मांडी घालता येत नव्हती, त्यांना कितीही ताणलं तरी ती येणार नाही आणि त्यात त्यांचा आळस नसतो. अशा माणसाचे गुडघे मागून दाबू नका.

स्नायूंचा प्रश्न असेल तर पाटापासून सुरुवात करा. पाट किंवा घट्ट घडी केलेली चादर बैठकीखाली घ्या, इतकी उंच की गुडघे खुब्यांच्या खाली राहतील. भाजी निवडताना, वर्तमानपत्र वाचताना पाच-पाच मिनिटं बसा, वरचा पाय बदलत राहा. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी उंची एका घडीने कमी करा. उठताना एक गुडघा टेकवून, पुढच्या पायावर जोर देऊन उठा. हे उठणंच एक व्यायाम आहे. हात न लावता जमेपर्यंत रोज पाच वेळा करा.

आणि हे गंभीरपणे घ्या: आतापर्यंत मांडी येत होती आणि गेल्या काही महिन्यांत, विशेषतः एकाच बाजूला, ती येईनाशी झाली, जांघेत दुखतं, पाय किंचित ओढला जातो, तर व्यायाम सुरू करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटला की अशीच सुरुवात होते. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेतलेल्यांना, जास्त मद्यपान करणाऱ्यांना आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना त्याचा धोका जास्त. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, तिथल्या तरुण मुलांच्या जांघेतलं दुखणं "खेळताना लचकलं असेल" म्हणून सोडून देऊ नये. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, एमआरआयमध्येच कळतं. लवकर सापडलं तर माथा वाचवण्याचे उपाय हाताशी असतात.

खुब्याच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडावर दुखतं, त्या कुशीवर झोपवत नाही. तिथे ताण देऊ का?

नको. हे दुखणं चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये फार दिसतं. मीडियस आणि मिनिमस हाडाला जिथे चिकटतात तिथले कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, दुखावलेले असतात. पाय दुसऱ्या पायापलीकडे नेऊन दिलेला ताण त्या कंडऱ्यांना हाडावर आणखी दाबतो. क्षणभर बरं वाटतं आणि रात्री दुखणं वाढतं.

इथे आधी सवयी बदलायच्या. रांगेत एका पायावर भार टाकून, कंबर बाजूला सोडून उभं राहणं बंद. मूल एकाच कडेवर घेणं बंद. पायावर पाय टाकून बसणं बंद. झोपताना दुखऱ्या बाजूवर नको आणि दुसऱ्या कुशीवर झोपलात तर दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी, घोट्यांपर्यंत पोचेल अशी. मग व्यायाम: उताणे पडून मांड्यांभोवती ओढणी किंवा पट्टा बांधा आणि गुडघे बाहेर ढकलल्यासारखं करून हळू जोर धरा, पाय न हलवता. पंधरा-वीस सेकंद, चार-पाच वेळा. नंतर पूल, मग पायरी.

ऑस्ट्रेलियात झालेला आणि २०१८ साली बीएमजे या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी अशा रुग्णांना आवर्जून सांगते. त्यात माहिती आणि व्यायाम, कॉर्टिझोनचं इंजेक्शन, आणि नुसतं थांबून बघणं यांची तुलना केली होती. आठ आठवड्यांनी व्यायामाचा गट सर्वांत पुढे होता आणि वर्षभरानंतरही एकूण सुधारणेत इंजेक्शनपेक्षा सरस ठरला.

पुठ्ठ्यातून पायात कळ जाते. पायरीफॉर्मिस आहे का?

पायरीफॉर्मिस हा पुठ्ठ्यातला एक खोल स्नायू. दुखणं त्याचं असू शकेल, पण मणक्यातून येणारी सायटिका त्याहून जास्त आढळते. खोकताना-शिंकताना कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या असतील, पाऊल उचलताना अडखळत असेल, तर आधी कंबर तपासून घ्या. मागच्या खिशातलं जाड पाकीट मात्र आजच काढा, कारण काहीही असलं तरी त्यावर तासन् तास बसणं चांगलं नाही.

रोज सहा-सात किलोमीटर चालतो. वेगळा व्यायाम कशाला?

चालणं हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी उत्तम. पण सपाट रस्त्यावर पुठ्ठ्यांच्या कुवतीचा लहानसा भागच वापरला जातो, त्यामुळे त्यांची ताकद वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम वेगळा सांगितलाय, त्यामागे हेही कारण आहे. चढ मात्र वेगळा. पर्वतीच्या पायऱ्या, गावातली टेकडी, इमारतीचा जिना यांत पुठ्ठ्यांना खरं काम मिळतं.

वारीला जाणाऱ्यांना इथे एक कळकळीचं सांगणं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आणि वाटेत दिवेघाट. अनेक जण ज्येष्ठात चालायचा सराव सुरू करतात. तो हवाच, पण त्याआधी दोन-तीन महिने पायऱ्या चढणं-उतरणं आणि कुशीवरचा व्यायाम सुरू केला तर चौथ्या-पाचव्या दिवशी खुबा भरून येणं बऱ्यापैकी टळतं.

आखडलेल्या खुब्यामुळे कंबर दुखते का?

काहींची दुखते. पाय मागे जाईना की चालताना शरीर ती हालचाल कंबरेतून उसनी घेते. पण प्रत्येक कंबरदुखीचं मूळ सोआसमध्ये शोधायची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. संबंध इतका सरळ नसतो. पोटातून खोल बोटं खुपसून "सोआस मोकळा करून" घेण्याच्या भानगडीत तर पडूच नका. तिथे आतडी आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.

फोम रोलर, मसाज गन, तेल-मालीश?

बरं वाटतं, थोडा वेळ हालचालही मोकळी होते. व्यायामाआधी वापरा, म्हणजे त्या मोकळ्या वेळेत ताकदीचं काम होईल. जांघेत आणि हाडाच्या उंचवट्यावर मसाज गन लावू नका.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर?

या काळात कटीचे अस्थिबंध सैल असतात, त्यामुळे दोन्ही पाय टोकापर्यंत फाकवून ताण देणं टाळा. जांघेच्या मध्यभागी किंवा पाठीमागे कटीत दुखत असेल तर एका पायावर उभं राहून सलवार घालणं, मोटारीतून एक पाय आधी बाहेर काढणं यानेही ते वाढतं. बसून कपडे घाला, दोन्ही पाय एकत्र वळवून उतरा. पूल आणि ओट्याला धरून अर्धं खाली बसणं सहसा चालतं, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून.

आई पंचाहत्तरीची आहे. या वयात उपयोग होईल?

सगळ्यात जास्त उपयोग याच वयात होतो. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडणं ही घराला हादरवणारी गोष्ट असते आणि पडणं टळतं ते बाजूच्या स्नायूंच्या ताकदीने आणि तोलाने. स्वयंपाकघरातला ओटा ही उत्तम जागा. ओटा दोन्ही हातांनी धरून एक पाय बाजूला नेणं, मग मागे नेणं, दहा-दहा वेळा. ओट्याच्या कडेकडेने आडवं चालणं. कुकरची शिट्टी होईपर्यंत एका पायावर उभं राहणं, हात ओट्याजवळच ठेवून. दिवसातून तीनदा खुर्चीवरून दहा वेळा उठणं. शेजारी कुणीतरी असावं, पायात घसरणारी चप्पल नसावी, जमीन ओली नसावी. आईला हाताला धरून उठवायची आपल्याला सवय लागलेली असते. तिला स्वतः उठू द्या, आपण नुसतं जवळ उभं राहावं.

खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. यातलं काय करू?

तुमच्या शल्यविशारदांनी सांगितलं असेल तेच. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने झाली यावर बंधनं ठरतात. मागच्या बाजूने झाली असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणं आणि पायावर पाय टाकणं सहसा मना असतं. खाली बसण्याचा निर्णय स्वतःहून घेऊ नका.

किती दिवसांत फरक पडेल? आणि दुखलं तर?

ताण रोज दिला तर दोन-तीन आठवड्यांत उठता-बसताना जाणवतं. ताकद पहिल्या महिन्यात वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूला नीट वापरायला शिकते म्हणून. स्नायू प्रत्यक्ष भरायला दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे बारा आठवड्यांआधी "जमत नाही" असं ठरवू नका.

व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग आंबणं, रग लागणं ठीक. सांध्यात टोचणं, दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त लंगडणं ठीक नाही. असं झालं तर व्यायाम सोडू नका, वजन आणि संख्या निम्मी करा. तरीही तसंच राहिलं तर दाखवा.

कधी थांबू नये, सरळ डॉक्टरकडे जावं?

पडल्यानंतर पायावर भार देता येत नाही. ताप आहे आणि खुबा हलवू देत नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा कारण नसताना वजन घटतंय. जांघेच्या मधल्या भागात बधिरपणा आला आहे किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला आहे: यात तर तासही घालवू नये.

विशी-तिशीतल्या माणसाला पहाटे पुठ्ठ्यात दुखून जाग येते, सकाळी अर्धा तास-तासभर ताठरपणा राहतो आणि हालचाल केल्यावर कमी होतो, तर ते बसून काम केल्याने नसून संधिवाताच्या एका प्रकाराने असू शकतं. त्यासाठी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञांना भेटा, कारण त्यावर वेगळी औषधं आहेत.

आणि लहान मुलं. चार ते आठ वर्षांचं मूल लंगडतंय, किंवा दहा ते सोळा या वयातला मुलगा गुडघा दुखतो म्हणतोय पण गुडघ्याला हात लावला तर काहीच दुखत नाही, तर खुबा तपासून घ्या, दोन्ही बाजूंचा एक्स-रे काढून. या वयात हाडाच्या माथ्याचे दोन वेगवेगळे आजार होतात आणि दोन्हींत घरी ताण देत बसल्याने नुकसान होतं.